विकली की येते

गाडीत बसायच्या आधी विमल सिस्टर गाडी तपासायच्या. पुढच्या चाकाशी वाकायच्या आणि टायर व वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत उजव्या हाताची बोटं घालायच्या. नजर त्या वेळी चाकाकडं नसायची, समोरच्या भिंतीकडं असायची. क्षणभर थांबून सांगायच्या, "चार बोटं हाय. निघू." तीन बोटं भरली तर, "थांब, अजून टाइम हाय." दोनच भरली तर ओट्यावर जाऊन बसायच्या आणि शेंगा सोलायला घ्यायच्या. सगळी नोकरी त्यांनी बाळंतिणी अशाच तपासल्या होत्या. गाडीलाही आपण तेच करतो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. सकाळच्या पारी मला हसायची ताकद नसायची.

गाडी परदेशी बनावटीची, काळी, लांबलचक. आमच्या गल्लीत ती सरळ वळायची नाही, मागंपुढं करत आणावी लागायची. ती स्प्रिंगवर नाही, हवेवर उभी राहायची. चारी चाकांपाशी रबराचे फुगे आणि त्यांत भरलेली हवा. नवी असताना हे फार सुखाचं असणार. सिस्टरकडं आली तोवर रबर जुनं झालं होतं. रात्रीतून हवा गळायची आणि सकाळी गाडी पोट जमिनीला टेकवून बसलेली असायची, रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी. मग इंजिन चालू करायचं आणि वाट बघायची. आतला पंप घरघर करत हवा भरायचा. गाडी आधी मागून उठायची, मग पुढून. म्हैसही तशीच उठते.

मी भूमच्या सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर असते. सिस्टर आधी आतल्या एका गावच्या आरोग्य केंद्रात होत्या, नोकरीची शेवटची वर्षं आमच्याकडं. त्यांच्या आणि माझ्या घरात भिंत एकच. माझ्याकडं लायसन आणि एक छोटी गाडी होती, मुलगी शिकायला बाहेर होती आणि नवरा नोकरीनिमित्त लातूरला, त्यामुळं रविवार बऱ्यापैकी मोकळा असायचा. सिस्टरना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. "आता या वयात शिकू व्हय? आन् तू कशाला हायस?" असं त्यांनी विचारलं. तो प्रश्न नव्हता. अशा रीतीनं मी त्या गाडीची ड्रायव्हर झाले.

गाडी घेण्याचं कारण त्यांची पाठ. बैलगाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली, जीपची मागची फळी, जे मिळेल त्यावर बसून त्या वस्त्यावस्त्यांवर बाळंतपणांना गेल्या होत्या. मणके कामातून गेले. निवृत्त झाल्यावर एसटीच्या बाकावर बसणं म्हणजे त्यांना शिक्षा वाटायला लागली. सोलापूरच्या ज्या हाडांच्या डॉक्टरकडं त्या जात, त्यांनी एकदा त्यांना आपल्या गाडीतून स्टँडवर सोडलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बसल्यावर पाठ दुखली नाही. उतरताना सिस्टरनी विचारलं, "ही विकायची हाय का?" डॉक्टर हसत म्हणाले, "घ्या की." डॉक्टर गंमत करत होते. सिस्टर गंमत करत नव्हत्या.

नवी छोटी गाडी येते तेवढ्या पैशात ही आली. त्यांचा मुलगा नितीन पुण्याला कंपनीत आहे. तो फोनवर ओरडला, ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं, कारण सिस्टर फोन कायम मोठ्या आवाजावर ठेवायच्या.

"आई, तिचा एक दिवा फुटला तर माझा पगार जाईल!"

"मग म्या दिवसा फिरीन."

पहिला हिवाळा सरेपर्यंत त्या बेफिकीर होत्या. मग एकेक सुरू झालं. बार्शीच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ आली. आत पाण्याची एक प्लास्टिकची नळी होती, मेकॅनिकनं हात लावला तर बिस्किटासारखी मोडली. नळी हातभर, पण ती बार्शीत मिळत नव्हती, सोलापुरात मिळत नव्हती. ती पुण्याहून मागवायचं ठरेपर्यंत आम्ही दोघी बायका पेट्रोल पंपाच्या मागं बाजेवर बसून होतो, आणि मग गाडी तिथंच ठेवून टमटमनं परत आलो. एकदा चिंचपूरच्या पुढं टायर फुटलं. मी डिकी उघडली तर स्टेपनीची जागाच नाही. सिस्टरनी डोकावून बघितलं. "दिलीच न्हाय का? त्यांच्या देशात पंक्चर होत नसंल." त्या मापाचं टायर कुणाकडं नव्हतं. ते मागवेस्तोवर गाडी एका शेतकऱ्याच्या कडब्याच्या गंजीशेजारी उभी होती, आणि त्याच्या कोंबड्यांनी तिच्या टपावर बसायची सवय लावून घेतली.

ऑइल ती प्यायची. गिअर बदलताना कण्हायची. सगळ्या गावांनी आपापल्या दारात मुरुमाचे गतिरोधक घातले होते आणि त्या प्रत्येकावर तिचं पोट घासायचं. त्या वेळी सिस्टर मागच्या सीटवर स्वतःच "आई गं" म्हणायच्या, पाठ दुखत नसतानाही. दर खेपेला त्यांचं एकच वाक्य असायचं, "गाडी म्हातारी झाली की स्वस्त होती, मंगल. तिची औषधं काय स्वस्त होत न्हाईत." औषधांच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईला हे सांगायची गरज नव्हती. मी म्हणायचे, "विका आता." त्या म्हणायच्या, "बघू."

गाडीवर दुसरी आफत होती लग्नांची. ती सिस्टरनी स्वतः ओढवून घेतली. भूम-परांड्याकडच्या कितीतरी घरांतल्या पोरी त्यांच्या हातच्या, म्हणजे त्यांच्या हातांवर जन्मलेल्या. त्यातल्या एकीच्या आईनं लग्नाला गाडी मागितली आणि सिस्टरनी दिली. मग नियमच झाला. गाडी फक्त हातच्या पोरीला, फक्त पाठवणीला, आणि पैसे घ्यायचे नाहीत. नवरदेवाच्या मिरवणुकीला मागायला कुणी आलं की त्या विचारायच्या, "त्याला घोडा मिळंना का?" आलेला माणूस परत जायचा.

अर्थात चालवायला मी.

गाडीच्या टपाला सरकणारी काच होती. ती उघडून नवरी उभी राहायची, गळ्यात हार, डोळ्यांत पाणी, आणि खाली तिचा मामा तिचे पाय घट्ट धरून बसलेला, पडू नये म्हणून. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या असतात, हळद-कुंकू लावलेल्या. लग्न लागल्यावर हातात काही उरतातच. कुठल्याशा लग्नात एका म्हातारीनं उरलेल्या अक्षता टपातून नवरीवर टाकल्या. दुसरीनं बघितलं, तिसरीनं बघितलं. दोन वर्षांत अशी गत झाली की सिस्टरची गाडी मांडवाबाहेर आली की बायका ओंजळी भरून तयार असायच्या. टपाच्या भोकात अक्षता पडल्या नाहीत तर पाठवणी पुरी झाल्यासारखं कुणाला वाटेना. घरी आल्यावर मी झाडू घेऊन सीटखालची ज्वारी काढायचे. सिस्टर म्हणायच्या, "चिमण्यांला टाक."

त्या वर्षी पावसाळ्यात गाडीला वेड लागलं. बंद गाडीचा हॉर्न वाजायचा. मी डावीकडचा दिवा लावला की वायपर फिरायचं. एकदा भर रस्त्यात चारी काचा आपोआप खाली गेल्या आणि पावसात आम्ही दोघी नखशिखांत भिजलो. सोलापूरच्या रफिकभाईंनी आधी बॅटरी बदलली. मग कसलासा सेन्सर बदलला. मग आणखी एक महागाचा डबा बदलला आणि छातीठोक सांगितलं, "आता फिकीर सोडा सिस्टर, गाडी नवी झाली." नवी झालेली गाडी बार्शीच्या आधीच बंद पडली. टेम्पोवर घालून परत नेली. मग त्यांनी चिडून सीट काढली, खालचा गालिचा उचलला, आणि आम्हाला हाक मारली.

"सिस्टर, इकडं या जरा. पेरा कधी केला?"

गालिच्याखाली पाणी साचलं होतं. पाण्यात गाडीचा कॉम्प्युटर बुडाला होता आणि त्याच्या कडेनं ज्वारीची कोवळी, पांढुरकी रोपं उभी होती. टपावर पडलेलं पाणी खाली जायला कोपऱ्यांत बारीक नळ्या असतात. त्या अक्षतांनी आणि झेंडूच्या पाकळ्यांनी गच्च भरल्या होत्या. पाणी नळीतून बाहेर न जाता सगळं आत उतरत होतं.

"तिकडं ह्या गाडीवर बर्फ पडतं, त्यात पण चालती ही," रफिकभाई म्हणाले. "पण नवरीचा विचार त्यांनी केला नव्हता."

सिस्टर रोपांकडं बराच वेळ बघत राहिल्या. "हळद लावलेली ज्वारी पण उगवती," त्या म्हणाल्या. मी मात्र नव्या कॉम्प्युटरचा विचार करत होते. तो एका मोडीत निघालेल्या गाडीतला मिळाला, पुण्याहून. रफिकभाईंनी टपाची काच कायमची बंद करून कडेनं काळा चिकटा भरला. त्यानंतरच्या लग्नांना नवरी आतच बसायची, आणि बायका अक्षता बंद काचेवर टाकायच्या.

त्या दुरुस्तीचे पैसे नितीननं भरले. भरले आणि दुसऱ्या आठवड्यात स्वतः आला. वाईट मुलगा नाही तो. आईची पेन्शन गाडीत चालली आहे, आईची पाठ बिघडत चालली आहे, रस्त्यात कुठं काही झालं तर पुण्याहून पोचायला किती वेळ लागेल, हे सगळं त्यानं शांतपणे मांडलं. मी तिथंच होते. त्याचं म्हणणं मला पटत होतं, आणि मी तसं बोलून दाखवलं. सिस्टरनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी चहाचे कप उचलून आत गेले.

त्यांना पुण्याला जायचं नव्हतं. कारण बघायला कुणीही सकाळी आमच्या गल्लीत यावं. सिस्टरच्या फाटकाशी चार-पाच बायका उभ्या असायच्या. कुणाच्या हातात तपासणीचा कागद, कुणाच्या कडेवर तापलेलं पोर, कुणी नुसतीच सुनेची तक्रार घेऊन आलेली. सिस्टर औषध द्यायच्या नाहीत, सल्ला द्यायच्या, आणि तो सल्ला म्हणजे बहुतेक शिव्या असायच्या. "सातवा लागलाय आन् डोक्यावर हंडे व्हातीस? ठेव म्हणते ना खाली!" आणि हंडा खाली ठेवला जायचा. सासू बरोबर असली तर सासूच्या डोक्यावर जायचा. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलेलं बायका ऐकायच्या. सिस्टरनी सांगितलेलं करायच्या. या फरकावर सिस्टर जगत होत्या.

पण सोलापूरच्या डॉक्टरकडं त्यांना दर महिन्याला जावंच लागायचं, आणि त्या गाडीशिवाय दुसऱ्या कशातही त्यांना तिथवर बसवत नव्हतं. माझ्या छोट्या गाडीत एकदा नेलं तर परत आल्यावर तीन दिवस उठल्या नाहीत. गाडी असेपर्यंत भूम. गाडी गेली की पुणे. हे नितीनला माहीत होतं, सिस्टरना माहीत होतं आणि भिंतीपलीकडं मलाही.

शेवटी नितीन म्हणाला, "आई, गाडी विकायला काढू. फोटो मी टाकतो फोनवर. गिऱ्हाईक आलं की तू फक्त दाखवायची."

"दाखवते की."

"आणि विकली की यायचं. शब्द दे."

"विकली की येते," सिस्टर म्हणाल्या. इतक्या लगेच म्हणाल्या की नितीनला समाधान वाटलं आणि मला शंका आली.

पहिलं गिऱ्हाईक धाराशिवचे एक प्लॉटवाले. हातात कडं, गळ्यात साखळी, बरोबर दोन मित्र. गाडी बघूनच ते खूश झाले. मी आधीच इंजिन चालू करून गाडी उभी करून ठेवली होती, धुतलेली होती, दिसायला ती शेवटपर्यंत देखणीच होती. सिस्टरनी त्यांना ओट्यावर बसवलं. "बसा. घाई न्हाय ना?"

"नाही नाही, बोला मावशी."

दवाखान्यात पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला चार्ज देते. प्रत्येक पेशंटच्या खाटेपाशी उभं राहून सांगायचं असतं की हिला काय झालंय, काय दिलंय, रात्रीत काय होऊ शकतं. काही लपवायचं नाही, कारण लपवलेलं दुसरीच्या अंगावर येतं. सिस्टरनी गाडीचा चार्ज द्यायला सुरुवात केली.

"वरनं बघून भुलू नका. ही हवेवर उभी राहती. रातभर हवा गळती, सकाळी पोट भुईला. हवा भरायचा पंप एकदा जळालाय, दुसरा घातलाय, तो पण सारखा पळतोय. पळून पळून तो बी जळंल, आता का सहा म्हैन्यांनी ते सांगता येत न्हाय. पाण्याच्या नळ्या प्लास्टिकच्या. एक मोडली, बाकीच्या त्याच वयाच्या हायत. ऑइल पिती. टायर हितं मिळत न्हाय, स्टेपनी न्हाय. गिअरमधी कण्हती, रफिकभाई म्हणत्यात पुढच्या साली तो डबा उघडावा लागंल. उघडला की बंद करायला आत्ता मागतोय त्याच्या निम्मे पैसे. मेंदूला पाणी लागलं होतं, मेंदू बदललाय. पण बाकीच्या तारा त्याच पाण्यातल्या."

"मेंदू?" एका मित्रानं विचारलं.

"ज्वारी उगवली होती," सिस्टर म्हणाल्या आणि तीही हकिगत सांगितली.

प्लॉटवाल्यांनी चहा घेतला, घरी विचारून सांगतो म्हणाले आणि गेले. ते पुन्हा आले नाहीत. दुसरे आले बार्शीकडचे, पांढऱ्या कपड्यातले, निवडणुकीला उभे राहणारे. त्यांना गाडी प्रचारासाठी हवी होती. सिस्टरनी सगळा चार्ज दिला आणि शेवटी एवढंच जोडलं, "मिरवणुकीत हळू चालवली की तापती. भर चौकात उभी राहिली तर लोक काय म्हणतील ते बघा." तिसरे एक लॉजवाले. त्यांनी चार्ज मध्येच तोडून विचारलं, "मावशी, तुम्हाला विकायची आहे ना?"

"विकायची हाय म्हणून तर सांगते."

तिसरा गेल्यावर मी कप विसळता विसळता विचारलं, "सिस्टर, तुम्ही गिऱ्हाईक आणताय की हाकलताय?"

"खोटं काय बोलले?"

"एक अक्षर नाही."

"मग? उद्या त्याचं लेकरू रस्त्यात अडकलं तर शिव्या कुणाला देईल?" असं म्हणून त्यांनी वाटीत शेंगा ओतल्या. चेहरा अगदी कोरा. नितीनला फोनवर त्या सांगायच्या, "येत्यात बाबा, बघत्यात, जात्यात. म्या काय करू?" हेही खरंच होतं. त्यांच्याकडं दुसरं शस्त्र नव्हतं आणि हे कुणाला हिसकावून घेता येण्यासारखं नव्हतं. मीही नितीनला काही बोलले नाही. मधल्या काळात तो दुसरा पंपही जळाला आणि गाडी महिनाभर टेकून बसली. त्या महिन्यात सोलापूरची फेरी चुकली, सिस्टर रात्री कण्हायला लागल्या, आणि सकाळी फाटकाशी बसल्या बसल्या शिव्या द्यायला लागल्या, कारण उभं राहवत नव्हतं. मी त्यांची बाजू घेत होते असं नाही. मी दमले होते. त्या गाडीला ढकलून, त्यांना समजावून, नितीनला टाळून.

मग गिऱ्हाईक म्हणून अर्चना आली. बरोबर नवरा, तो फोटो काढणारा. दोघांचं तुळजापूरला दुकान. ती गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि सिस्टरच्या पाया पडली.

"कुणाची गं तू?"

"पाथरूडच्या शांताबाईची. मी तुमच्याच हातची आहे, सिस्टर."

सिस्टरनी तिच्याकडं नीट बघितलं. "पायाळू आलेली तू व्हय? पहाटंपर्यंत घाम काढलावतास." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मंगल, गाडी उगं चालू करू नको. हाय तशी बघू दे तिला."

त्या दिवशीचा चार्ज मी ऐकलेल्यांत सगळ्यात लांब होता. आणि तो वेगळा होता. आधीच्या गिऱ्हाइकांना त्या खरं सांगत होत्या ते त्यांनी जावं म्हणून. या मुलीला सांगत होत्या ते तिनं फसू नये म्हणून. मला सांगितल्या नव्हत्या त्याही खोडी सांगितल्या. चावी हरवली तर नवी परदेशातनं येते, विम्यात हे बसत नाही, ते बसत नाही, मागचं डावं दार आतून उघडत नाही. अर्चना मांडी घालून, मध्ये न बोलता ऐकत होती. सिस्टर थांबल्यावर ती म्हणाली,

"सिस्टर, आम्हाला ती चालवायचीच नाही."

"म्हंजी?"

"देवीला नवी जोडपी येतात. दर्शन झालं की त्यांना फोटो काढायचे असतात. गावाबाहेर जागा घेतलीय आम्ही, कमान केलीय, झोपाळा केलाय. एक भारी गाडी उभी पाहिजे. टेकून उभं राहायला. बस."

"कुठं न्यायची न्हाय?"

"एकदाच टेम्पोवर घालून नेणार. मग तिथंच."

"पावसात गळंल."

"पत्र्याचं शेड आहे."

"हवा जाईल. पोट टेकंल भुईला."

"फोटोत खालीच चांगली दिसते," नवरा पहिल्यांदा बोलला.

सिस्टर ऑइलवर गेल्या, मग नळ्यांवर, मग गिअरवर, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांच्याच लक्षात आलं की उभ्या गाडीला यातलं काही लागत नाही. मी तिथं दाराला टेकून उभी होते. त्या गाडीकडं बघत राहिल्या, जणू एखादी खोड राहून गेली असेल तर आठवावी. मग म्हणाल्या, "चहा टाक, मंगल."

मी चहा टाकला. भाव ठरला, घासाघीस झाली नाही. नितीनला आनंद झाला आणि त्यानं मला फोन करून आभार मानले. मी काहीच केलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो न्यायला येणार होता. आदल्या संध्याकाळी मी त्यांचं सामान बांधायला गेले. सामान थोडंच होतं. मी म्हटलं, "नाही म्हणायचं होतंत की. गाडी तुमची होती."

"काय म्हणू? तुला देत न्हाय, कारण तुला ती चालवायची न्हाय, असं म्हणू?" त्यांनी पिशवीची गाठ मारली. "आन् शब्द दिलावता. विकली की येते म्हणलं होतं. विकली."

सकाळी फाटकाशी नेहमीच्या बायका होत्या. सिस्टरनी सगळ्यांचे कागद बघितले, ओट्यावर बसून, कुणालाही घाईनं वाटेला लावलं नाही. नितीन घड्याळ बघत होता आणि बघतोय हे लपवत होता. एकीला त्या रागावल्याही. मग त्याच्या उंच, नव्या गाडीत त्यांना चढवायला आम्हाला दोघांना हात द्यावा लागला. बसल्यावर पाठीमागं उशी घातली, ती त्यांनी काढून टाकली, मग पुन्हा मागून घेतली. रडल्या नाहीत. मीही नाही. नितीननं विचारलं, "आई, एसी वाढवू?" त्या म्हणाल्या, "तू रस्त्याकडं बघ."

माझे रविवार मोकळे झाले. मी त्या रविवारांचं विशेष काही केलं नाही. पहिले काही दिवस बायका बंद फाटकाशी येऊन माझ्या दारात यायच्या. मी त्यांना कागद वाचून दाखवायचे आणि दवाखान्यात जा म्हणायचे. त्या हो म्हणायच्या. काही जायच्या, काही जायच्या नाहीत. मग यायच्या बंद झाल्या.

सिस्टर पुण्यात दीड वर्ष राहिल्या आणि तिथंच गेल्या. चांगल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली होत्या, मुलगा-सुनेनं काही कमी केलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडं लोक उगाच बोलतात. फोन त्या अधूनमधून करायच्या. मला आठवतो तो पहिल्याच महिन्यातला. पाठ बरी आहे म्हणाल्या. घर मोठं आहे, वारं येतं म्हणाल्या. मग म्हणाल्या,

"हितं आमच्या खालच्या मजल्यावर एक पोरगी हाय. आठवा लागलाय. लिफ्टमधी दिसली. पाय बघ म्हणलं तुझं, खांबागत सुजल्यात. मीठ बंद कर, डावीकडं वळून झोप, उद्याच्या उद्या बीपी बघून घे. सगळं सांगितलं तिला."

"मग? काय म्हणाली?"

"थँक यू काकू म्हणाली."

पलीकडं टीव्हीचा आवाज येत होता.

"मीठ काय सोडणार न्हाय ती," सिस्टर म्हणाल्या.